नवजात बाळाचं हृदयाचं ऑपरेशन आणि मेंदूची जपणूक: गरोदरपणापासून शाळेपर्यंत कधी काय करायचं

हजार बाळं जन्माला आली तर त्यांतल्या साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शातल्या बाळांचा दोष इतका गंभीर असतो की पहिल्या वर्षातच, काहींना तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच, ऑपरेशन किंवा कॅथेटरचा उपचार लागतो. पूर्वी यातली बरीच बाळं जगत नसत. आज सुसज्ज केंद्रांत बहुतेक वाचतात. म्हणूनच आई-वडिलांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त असतो: "हृदय दुरुस्त होईल, पण मेंदूला काही होणार नाही ना?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. तो पालकांनी वाचावा, आणि अशा बाळांजवळ रात्रंदिवस उभ्या असलेल्या नर्स आणि निवासी डॉक्टरांनीही. मेंदू जपायचा तो ऑपरेशनच्या चार-सहा तासांत, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. त्या तासांत बाळाभोवती आठ-दहा अनुभवी माणसं आणि डझनभर मॉनिटर असतात. खरी निसटती जागा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत असते, जिथे लक्ष विखुरलेलं असतं. म्हणून सुरुवात जन्माआधीपासून करू.

मेंदू आधीच थोडा मागे असतो

निरोगी गर्भात वारेकडून आलेलं सर्वांत जास्त ऑक्सिजनचं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूकडे वळतं आणि तिथून मेंदूकडे जातं. ट्रान्सपोझिशनमध्ये, म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या जागांची अदलाबदल झालेल्या हृदयात, हे चांगलं रक्त फुप्फुसांकडे आणि शरीराच्या खालच्या भागाकडे जातं. मेंदूच्या वाट्याला कमी ऑक्सिजनचं येतं. हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टमध्ये डावी बाजू इवलीशीच असते. तिथे मेंदूचं रक्त डक्टसमधून, म्हणजे फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणाऱ्या गर्भातल्या वाहिनीतून, निघून महाधमनीच्या कमानीत उलट्या दिशेनं चढत पोचतं. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने मेंदूच्या वाढीचे सर्वांत वेगाचे, आणि नेमकी तेव्हाच ही कमतरता भासते.

परिणाम असा की पूर्ण दिवसांच्या अशा बाळाचा मेंदू एमआरआयवर साधारण महिनाभर लहान दिसतो. त्यात मज्जातंतूंवर तारेच्या वेष्टनासारखं मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशी अजून कोवळ्या असतात. ऑक्सिजन किंवा रक्तपुरवठा घसरला की सर्वांत आधी त्याच मरतात. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूच्या पांढऱ्या भागाला जी इजा दिसते, तीच इथे पूर्ण दिवसांच्या बाळात दिसते. ऑपरेशनपूर्वी एमआरआय केला तर निदान पाचातल्या एका बाळात तरी अशी इजा आधीच सापडते.

हे पालकांना आधीच माहीत असलेलं बरं. पुढे मूल उशिरा चाललं किंवा उशिरा बोललं, की सगळा दोष ऑपरेशनवर किंवा स्वतःवर घेतला जातो. अनेक केंद्रांची माहिती एकत्र करून पाहिली, तर मुलांच्या विकासातल्या फरकांपैकी फार थोडा भाग ऑपरेशनच्या मोजता येण्याजोग्या गोष्टींमुळे असतो. जनुकीय कारणं, जन्माचं वजन आणि घरची परिस्थिती यांचा वाटा त्याहून मोठा निघतो. पण जनुकं आपल्या हातात नाहीत. रक्तपुरवठ्याची प्रत्येक घसरण टाळणं हातात आहे.

जन्माआधी: निदान, ठिकाण आणि तारीख

१८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे दिसले एवढ्यावर थांबू नये. ट्रान्सपोझिशनमध्ये चार कप्पे अगदी ठीक दिसू शकतात. दोष कळतो तो हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या पाहिल्यावर. शंका आली की गर्भाचा इको, म्हणजे हृदयाची सविस्तर सोनोग्राफी, करून घ्यावा. गंभीर दोष ठरला तर डिलिव्हरी अशा ठिकाणी ठरवावी जिथून बाळाला हृदयाच्या केंद्रात नेणं सोपं असेल, शक्य असेल तर त्याच आवारात. निदान आधी झालेल्या बाळांत ऑपरेशनपूर्वीची मेंदूची इजा कमी आढळते, कारण डक्टस बंद होऊन बाळ शॉकमध्ये जाण्याआधीच डक्टस उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लॅंडिन सुरू करता येतं.

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे. आई किंवा बाळाच्या प्रकृतीचं कारण नसेल, तर केवळ सोय म्हणून ३७ व्या आठवड्यात कळा आणू नयेत. ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. आधीच महिनाभर मागे असलेल्या मेंदूचे आणखी दोन आठवडे कापून घेण्यात शहाणपण नाही.

निदान आधी झालंच नसेल तर सगळ्या नवजात बाळांसाठी एक साधी तपासणी आहे. जन्मानंतर २४ तासांनी पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि एका पायाला लावायचा. उजवाच हात, कारण त्याला मिळणारं रक्त डक्टसच्या आधी फुटतं. दोन्ही ठिकाणी ९५ टक्के किंवा जास्त आणि दोघांत ३ टक्क्यांहून जास्त फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली कुठेही असेल तर थांबायचं नाही, लगेच इको. मधलं काही असेल तर तासाभरानं पुन्हा पाहायचं. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम आहे.

ऑपरेशनची वाट पाहण्याचे दिवस

नर्सिंगच्या दृष्टीनं मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रोस्टाग्लॅंडिनमुळे बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. म्हणून हे औषध चालू असलेल्या बाळाच्या उशाशी बॅग आणि मास्क जोडून तयार हवा. नुसता मॉनिटर वाजून भागत नाही.

ऑक्सिजनबद्दल हात आखडता हवा, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. एकच कार्यक्षम कप्पा असलेल्या हृदयात फुप्फुसं आणि शरीर यांच्यात रक्ताची वाटणी होत असते. मॉनिटरवर ऑक्सिजन ७८ टक्के दिसला, घाबरून ऑक्सिजन वाढवला, तर फुप्फुसांच्या वाहिन्या सैलावतात आणि रक्त तिकडे धावतं. आकडा ९२ होतो, बाळ गुलाबी दिसतं, पण शरीराचं आणि मेंदूचं रक्त कमी होतं, रक्तपुरवठा अपुरा पडल्याची खूण असलेलं लॅक्टेट चढायला लागतं. अशा बाळांत साधारण ७५ ते ८५ हाच योग्य पट्टा. व्हेंटिलेटरवर जोरात श्वास देऊन कार्बन डायऑक्साइड खाली आणणंही तितकंच घातक. त्यानं फुप्फुसांच्या वाहिन्या उघडतात आणि मेंदूच्या आकसतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता हवेचा बुडबुडा. मोठ्या माणसाच्या शिरेत सलाईनमधून बारीक बुडबुडा गेला तर तो फुप्फुसात अडकून विरून जातो. या बाळांच्या हृदयात उजवीकडून डावीकडे वाट उघडी असते. तोच बुडबुडा थेट मेंदूच्या धमनीत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक इंजेक्शनची एक शिस्त ठरलेली असावी. सिरिंज उभी धरायची, टिचकी मारून हवा वर आणायची, बाहेर ढकलायची. थ्री-वेला, म्हणजे नळीवरच्या तीन तोंडांच्या तोटीला, जोडल्यावर आधी किंचित मागे ओढायचं, सांध्यात अडकलेला बुडबुडा सिरिंजमध्ये येतो. मग सिरिंज उभीच ठेवून औषध द्यायचं आणि शेवटचा थेंबभर भाग आतच राहू द्यायचा. थ्री-वेच्या तोंडाशी आणि नळीच्या टोपणाखाली बुडबुडे दडून बसतात, ते उजेडाकडे धरून पाहायचे. जिथे चालेल तिथे नळीला हवा अडवणारा फिल्टर लावावा. रात्री तीन वाजता, पाचवं औषध देताना, हीच शिस्त सुटते.

ऑपरेशनपूर्वी टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी करून घ्यावी. बायपासला, म्हणजे ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम मशीनवर सोपवण्याला, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा पूर्ण डोस लागतो, त्यामुळे आत ताजा रक्तस्राव असेल तर तो आधी कळायला हवा. बाळ स्थिर असेल आणि सोय असेल तर दूध पाजून, गुंडाळून, भुलीशिवाय एमआरआयही करता येतो. जनुकीय तपासणीसाठीचं रक्त शक्यतो बाळाला रक्त चढवण्याआधी घ्यावं. २२ व्या गुणसूत्राचा तुकडा गहाळ असल्याचा संशय असेल तर दोन गोष्टी लगेच बदलतात. त्या बाळाला किरणोत्सर्ग दिलेलंच रक्त द्यायचं, आणि कॅल्शियमवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. कॅल्शियम घसरलं तर झटके येतात.

ट्रान्सपोझिशनच्या बाळाचे ऑक्सिजनचे आकडे फारच खाली असतील तर फुग्याच्या कॅथेटरनं वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र मोठं करतात. विल्यम रॅशकिंड यांनी ही पद्धत १९६६ मध्ये आणली. त्यानंतर बाळ सुधारतं, आणि इथेच ढिलाई होते: आता घाई नाही, पुढच्या आठवड्यात बघू. कमी ऑक्सिजनवर घालवलेला प्रत्येक जादा दिवस मेंदूच्या पांढऱ्या भागाला महागात पडू शकतो. बाळ तयार असेल तर ऑपरेशन विनाकारण पुढे ढकलू नये.

थिएटर: बायपास सुरू होण्याआधी

कपाळावर दोन्ही बाजूंना निअर-इन्फ्रारेडचे सेन्सर लावतात. त्वचेतून आत जाणाऱ्या प्रकाशावरून मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तात किती ऑक्सिजन उरला आहे याचा अंदाज ते सतत देतात. हे भूल देण्याआधी लावावेत, म्हणजे बाळाचा स्वतःचा मूळ आकडा मिळतो. निळ्या बाळाचा मूळ आकडाच ४५-५० असू शकतो. तिथे पुस्तकातला ६० ते ८० चा पट्टा लावून उपयोग नाही. मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी घसरण झाली की कारण शोधायचं.

मग रक्ताचं प्रमाण. ३ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम २५० मिली रक्त असतं. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरायलाच जवळपास तेवढा द्रव लागू शकतो. नुसतं सलाईन भरलं तर बाळाचं रक्त निम्म्यावर पातळ होईल. पूर्वी ऑपरेशनसाठी बाळ थंड केलेलं असताना रक्त पातळ असलेलं बरं मानत. बॉस्टनमधल्या चाचण्यांनी हा समज खोडला. बायपासवर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, २० च्या आसपास ठेवलेल्या बाळांची हालचालींची वाढ वर्षभराच्या वयात ३० ठेवलेल्या बाळांपेक्षा मागे होती. २५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि शक्यतो ३० च्या जवळ ठेवायचं, हे त्यातून रुजलं. त्यासाठी नळ्या रक्तानं भरतात. ते रक्त होईल तेवढं ताजं असावं, आणि त्यातलं पोटॅशियम, कॅल्शियम, साखर बाळाला जोडण्याआधी तपासलेलं असावं. मला विचाराल तर परफ्युजनिस्टनं, म्हणजे हे मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञानं, पंप सुरू करण्यापूर्वी हे आकडे मोठ्यानं वाचून दाखवण्याची पद्धत प्रत्येक थिएटरात असावी.

थंड करणं, थांबवणं, सुरू करणं

तापमान एका अंशानं उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. महाधमनीची कमान नव्यानं उभारायची असेल तर शस्त्रक्रियेच्या जागेत रक्त नको असतं. अशा वेळी बाळाला १८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवता येतं. इथे घाई चालत नाही. घशातला तापमापी १८ दाखवू लागला तरी मेंदूचा आतला भाग अजून गरम असू शकतो. निदान २० मिनिटं सावकाश थंड करावं. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात, पण कापडात गुंडाळून, कान आणि डोळ्यांना बर्फ लागणार नाही अशा.

थंड करताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कसा सांभाळायचा यावर बराच वाद झाला. बाळांमध्ये आता पीएच-स्टॅट पद्धत बहुतेकांना पटली आहे. तिच्यात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवतात, मेंदूच्या वाहिन्या उघड्या राहतात आणि सगळा मेंदू सारखा थंड होतो. मोठ्यांच्या थिएटरातून आलेल्या माणसानं हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण तिथे बहुधा उलटी पद्धत चालते.

अभिसरण पूर्ण थांबवायचं की मंद प्रवाह चालू ठेवायचा? बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात ट्रान्सपोझिशनच्या १७१ बाळांवर हीच तुलना झाली, आणि ती मुलं १६ वर्षांची होईपर्यंत पाहिली गेली. अभिसरण थांबवलेल्या गटात ऑपरेशननंतर झटके जास्त आले आणि वर्षभराच्या वयात हालचालींची वाढ मागे होती. १६ व्या वर्षी दोन गटांतला फरक मात्र बराचसा पुसला गेला होता. तरी दोन्ही गटांतल्या बऱ्याच मुलांना लक्ष देणं, नियोजन, स्मरण यांत अडचणी होत्या. त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात ४० मिनिटांच्या आसपासपर्यंत थांबवण्याचं नुकसान फारसं दिसलं नाही, त्यापुढे ते वाढत गेलं.

आज कमानीच्या ऑपरेशनमध्ये अनेक सर्जन उजव्या बाजूच्या मोठ्या धमनीला ३ ते ४ मिलिमीटरची कृत्रिम नळी जोडून फक्त मेंदूला रक्त देत राहतात. तत्त्व पटण्यासारखं आहे. पण थोडा वेळ अभिसरण थांबवण्यापेक्षा हे नक्की सरस, असं चाचणीत वर्षभराच्या वयात सिद्ध झालेलं नाही. या पद्धतीतही प्रवाह कमी पडला तर डावी बाजू उपाशी राहते आणि जास्त झाला तर मेंदूला सूज येते. माझ्या मते सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे ती वापरावी. फक्त थांबलेली मिनिटं एका माणसानं घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी मोठ्यानं सांगावीत. वेळ लांबणार असं दिसलं तर मध्ये काही मिनिटं थंड रक्त सोडून पुन्हा थांबावं.

कपाळावरचा आकडा घसरला तर

घसरण एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, हे आधी पाहा. एकाच बाजूला असेल तर महाधमनीतल्या कॅन्युलाचं, म्हणजे मशीनला जोडणाऱ्या नळीचं, टोक एका शाखेत सरकलं आहे का, डोकं वळलंय का, सेन्सर सुटलाय का, या क्रमानं जा. दोन्ही बाजूंना असेल तर मेंदूतून परत येणारं रक्त अडलंय का, हा पहिला संशय धरा. नवजात बाळाची वरची महाशीर इतकी बारीक असते की कॅन्युला थोडी खोल गेली किंवा सर्जननं हृदय उचललं तरी ती दबते. पंपाचा प्रवाह, धमनीतला दाब, दोन्ही ठीक दिसतात आणि मेंदू मात्र रक्तानं तुंबत असतो. चादरीखाली हात घालून टाळू चाचपा. ती ताठ लागली, चेहरा फुगलेला, जांभळट दिसला, किंवा मानेच्या शिरेतला दाब चढलेला असला, तर सर्जनला तिथल्या तिथे सांगा. कॅन्युला अर्धा सेंटिमीटर मागे घेतली की आकडा डोळ्यांदेखत वर येतो. हे सांगायला भूलतज्ज्ञानं संकोच करू नये. टाके संपेपर्यंत थांबण्याची ही गोष्ट नाही.

हे सगळं ठीक असेल तर पंपाचा प्रवाह आणि दाब वाढवा, कार्बन डायऑक्साइड फार खाली नाही ना पाहा, हिमॅटोक्रिट तपासा, तापमान आणि भुलीची खोली पाहा. पूर्ण बायपासवर नवजात बाळाला मिनिटाला किलोमागे १५० मिली किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो. मोठ्यांच्या सवयीनं तो कमी ठेवला जाण्याची शक्यता असते.

पुन्हा गरम करताना

काम फत्ते झालेलं असतं, सगळ्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरतो, आणि इथेच मेंदू सर्वांत उघडा असतो. ऊब आली की त्याची भूक लगेच वाढते, रक्तपुरवठा मागून सावरतो. म्हणून अभिसरण थांबवलं असेल तर आधी काही मिनिटं थंडच रक्त वाहू द्यावं, मग गरम करायला घ्यावं. मशीनमधून बाळाकडे जाणारं रक्त ३७ अंशांच्या वर कधीही जाऊ देऊ नये, आणि ते रक्त व बाळ यांच्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. बाळ ३६ अंशांवर मशीनवरून उतरलं तर उत्तम. अर्धा तास वाचवण्यासाठी मेंदूला ताप आणू नये.

हृदयातली हवा काढून टाकली आहे ना, हे इकोवर पाहून मगच महाधमनीवर लावलेला चिमटा काढावा. मशीनवरून उतरल्यावर अल्ट्राफिल्ट्रेशननं जास्तीचं पाणी काढलं की हिमॅटोक्रिट चढतो आणि सूज उतरते.

आयसीयूतले पहिले ४८ तास

ऑपरेशननंतर सहा ते बारा तासांत हृदयाची ताकद सर्वांत खाली जाते. बाळ थिएटरातून छान आलं म्हणून कपाळावरचे सेन्सर काढू नयेत. लॅक्टेट दर एक-दोन तासांनी पाहावं. कार्बन डायऑक्साइड ४० च्या आसपास ठेवावा, डोकं मध्यरेषेत ठेवावं. ताप येऊच द्यायचा नाही. ३७.५ च्या वर जाताना दिसलं की वॉर्मर कमी करा, अंगावरचं काढा, औषध द्या. ३८ ची वाट पाहू नका.

झटक्यांबद्दल विशेष सावध राहावं. बायपास झालेल्या नवजात बाळांपैकी दहातल्या एका बाळाच्या आसपास झटके येतात, आणि त्यांतले बहुतेक डोळ्यांना दिसतच नाहीत. बाळ गुंगीत असतं, अनेकदा स्नायू सैल करणारं औषध चालू असतं. हातपाय हलत नाहीत, पण मेंदूत वादळ चालू असतं. ते फक्त ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, दिसतं, म्हणून जिथे सोय आहे तिथे पहिले ४८ तास सतत ईईजी लावावा. सोय नसेल तर रक्तदाब आणि नाडी विनाकारण उसळणं, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार अचानक बदलणं, एकाच बाजूला नजर स्थिरावणं, यांकडे संशयानं पाहावं. पहिलं औषध बहुधा फेनोबार्बिटोन. गुंगी उतरल्यावर बाळ दोन्ही बाजू सारख्या हलवतंय का, हे लिहून ठेवावं. एक बाजू ढिली वाटली तर स्कॅनला उशीर करू नये.

साखर कमी होऊ देऊ नये. थोडी जास्त असेल तर इन्सुलिननं ओढून खाली आणण्यात फायदा आढळलेला नाही.

पालक विचारतात, मेंदूसाठी काही खास औषध नाही का? अजून नाही. स्टेरॉइड आणि बायपासमधून नायट्रिक ऑक्साइड या दोन्हींच्या मोठ्या चाचण्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही. भुलीच्या औषधांबद्दलही भीती असते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांत लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल इशारा दिला, पण जीव वाचवणारं ऑपरेशन त्यासाठी थांबवायचं नाही. एवढं मात्र विचारा: पुढे एमआरआय, कॅथेटर किंवा आणखी काही करायचं असेल तर ते एकाच भुलीत उरकता येईल का?

पालकांना हे दिवस असहाय वाटतात. तसं वाटायचं कारण नाही. नळ्यांमुळे उचलता येत नसेल तर एक तळहात डोक्यावर आणि एक पायांवर स्थिर ठेवा. सतत थोपटत राहू नका. हळू आवाजात बोला. आईचं दूध पिळून ठेवत राहा, तोंडानं सुरू होईपर्यंत काही थेंब गालाच्या आत लावता येतात का ते नर्सला विचारा. रात्री दिवे मंद ठेवायला आणि तपासण्या एकत्र करायला सांगा, म्हणजे बाळाला सलग झोप मिळेल. नळ्या कमी झाल्या की छातीशी त्वचेला त्वचा लावून घ्यायला मागा. झोप, स्पर्श आणि वेदना कमी असणं यांवर मेंदूची वाढ चालते. ही मागणी करताना आपण अडचण करतोय असं वाटून घेऊ नका.

घरी आल्यावर

सहा ते आठ आठवडे बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात डोकं-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. पण छातीच्या टाक्यांच्या भीतीनं महिनोन् महिने जागेपणीही पाठीवरच पडू देणं चुकीचं आहे. सर्जननं हो म्हटलं की जागेपणी, समोर बसून, दिवसातून थोडा थोडा वेळ पोटावर ठेवायला लागा. मान धरणं, पालथं पडणं, बसणं या साखळीची सुरुवात तिथे होते. डोकंही एका बाजूला चपटं होत नाही.

एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयाचं बाळ दोन ऑपरेशनांच्या मध्ये घरी असेल, तर रोज ऑक्सिजन आणि वजन वहीत लिहा. केंद्रानं दिलेल्या मर्यादेखाली आकडा गेला, वजन घटलं किंवा तीन दिवस वाढलंच नाही, उलट्या-जुलाब झाले, दूध निम्म्यावर आलं, तर त्याच दिवशी फोन करा. अंगातलं पाणी कमी झालं तर फुप्फुसांना रक्त पुरवण्यासाठी बसवलेली बारीक कृत्रिम नळी आत रक्त गोठून बंद पडू शकते.

कानांची तपासणी विसरू नका. लघवी वाढवणारी आणि काही प्रतिजैविक औषधं कानांवर परिणाम करतात, आणि न ऐकू येणं हे पुढे मंद वाढ म्हणून खपून जातं.

अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये, आणि नव्या माहितीसह २०२४ मध्ये, स्पष्ट सांगितलं की तान्हेपणी बायपासवर ऑपरेशन झालेलं प्रत्येक मूल विकासाच्या दृष्टीनं जोखमीचं धरावं आणि ठरावीक वयांत तपासावं. काही बिघडलेलं दिसेपर्यंत थांबू नये. साधारणपणे एक ते दोन वर्षं, तीन ते पाच वर्षं आणि ११-१२ वर्षं या वयांत सविस्तर चाचणी व्हावी. पहिल्या वर्षी अडचण दिसते ती हालचालींत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोलण्यात. शाळेत बुद्धी ठीक असूनही लक्ष टिकवणं, एकामागून एक सूचना पाळणं, चौकटीत लिहिणं, गणिताच्या पायऱ्या मांडणं अवघड जातं. मूल आळशी आहे, असा शिक्का याच वयात बसतो. फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी सुचवली तर "हृदयाचं मूल आहे, येईल हळूहळू" म्हणून पुढे ढकलू नका.

या सगळ्या तपासण्यांना एक फाइल बरोबर न्या. तिच्यात डिस्चार्ज कार्डाखेरीज काही गोष्टी मागून घेतलेल्या असाव्यात: बायपास किती मिनिटं, अभिसरण थांबवलं असल्यास किती मिनिटं, किती अंशांपर्यंत थंड केलं, झटके आले का, ईईजी आणि मेंदूच्या स्कॅनचे अहवाल, जनुकीय तपासणीचा निकाल. हे आकडे ऑपरेशनच्या नोंदीत असतात आणि घरी जाताना मागितले तर सहज मिळतात, दहा वर्षांनी शोधायला गेलं तर नाही. शाळेत नाव घालताना वर्गशिक्षकांना एवढं सांगा की मुलाला सूचना एकेक करून द्या, पुढच्या बाकावर बसवा, लिहायला थोडा जास्त वेळ द्या, आणि सहामाहीत काही खटकलं तर निकालाची वाट न पाहता कळवा.